मॉर्मन लोकांचा धर्म आणि संसार

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? उंच इमारती, मोटारी, पैसा आणि ज्याची त्याची मर्जी. पण त्याच अमेरिकेत एक समाज असा आहे, की जो दारूला शिवत नाही, तंबाखू ओढत नाही, चहा आणि कॉफीसुद्धा घेत नाही. महिन्यातून एकदा उपवास धरतो. मिळकतीचा दहावा हिस्सा धर्माला देतो. आणि मरून गेलेल्या पणज्या-खापरपणज्यांची नावे शोधण्यात तासन् तास घालवतो. या लोकांना मॉर्मन म्हणतात.

हे एकेक नियम सुटे ऐकले तर वाटेल, ही काय विचित्र काटक्यांची मोळी! पण मोळी ज्या दोरीने बांधली आहे ती दोरी सापडली, म्हणजे कोणती काटकी कुठे बसते ते कळते. ही दोरी म्हणजे एक साधा प्रश्न आहे: आपले घर मरणानंतरही एकत्र राहील का? मॉर्मन मनुष्य म्हणतो, राहील. पण त्यासाठी जिवंतपणी काही करावे लागेल. ते काय करावे लागते, आणि त्याची किंमत काय पडते, एवढेच आज आपण पाहू.

आधी नावाचा खुलासा करू. 'मॉर्मन' हे लोकांनी दिलेले टोपणनाव. त्यांच्या पंथाचे पूर्ण नाव 'अखेरच्या दिवसांतील संतांचे येशू ख्रिस्ताचे चर्च' असे आहे. यातला 'संत' हा शब्द ऐकून आपण ज्ञानोबा-तुकोबांकडे वळू नये; त्यांच्यात पंथाचा प्रत्येक सभासद संतच म्हणवला जातो. २०१८ साली त्यांच्या अध्यक्षांनी विनंती केली, की आम्हांला टोपणनावाने न ओळखता पूर्ण नावाने ओळखावे. येथे ओळख पटावी म्हणून जुना शब्द वापरला आहे. पण अशी मंडळी कधी भेटली तर त्यांना त्यांच्या आवडीच्या नावाने हाक मारावी, हे बरे.

आता मुळाकडे वळू. गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची, न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकरी घरातली. जोसेफ स्मिथ हा १८०५ साली जन्मलेला, शेतावर राबणारा मुलगा. त्या भागात तेव्हा निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या प्रचारकांची मोठी चढाओढ चालली होती. स्मिथच्या घरातही फाटाफूट झाली. आई आणि काही भावंडे एका पंथात गेली. बाप बाहेरच राहिला. पुढे १८२३ साली थोरला भाऊ आल्विन वारला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा. अंत्यविधीच्या वेळी धर्मोपदेशकाने असे सुचवले, की हा मुलगा नरकात गेला असणार. पोटचा पोरगा गेलेल्या आईबापांना हे ऐकून काय वाटले असेल, ते सांगायला नको. हा भाऊ जोसेफच्या मनातून कधी गेला नाही, आणि त्याच्या धर्मातूनही गेला नाही. ते कसे, ते पुढे येईल.

जोसेफ सांगे, की १८२० साली रानात प्रार्थना करताना देवाने व येशूने आपल्याला दर्शन दिले. नंतर एका देवदूताने टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले. आणि त्यांवरील मजकूर आपण ईश्वरी साहाय्याने उतरवला. तो ग्रंथ १८३० च्या मार्चमध्ये छापून निघाला. पहिली आवृत्ती ५,००० प्रतींची होती. मॉर्मन नावाच्या प्राचीन संदेष्ट्याने तो रचला अशी श्रद्धा असल्यामुळे त्याला 'मॉर्मनचा ग्रंथ' म्हणतात. जेरुसलेमहून समुद्रापार अमेरिकेत गेलेल्या एका कुटुंबाची आणि भावाभावांत पडलेल्या वैराची ती कथा आहे. अमेरिकेच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणारे विद्वान ती खरा इतिहास म्हणून मानत नाहीत. मॉर्मन श्रद्धाळू मात्र तिला बायबलच्या बरोबरीने धर्मग्रंथ मानतो. ६ एप्रिल १८३० रोजी पंथाची रीतसर स्थापना झाली.

या लोकांच्या नशिबी वणवण फार आली. ते एका ठिकाणी दाटीने वसत, जमिनी घेत, एकगठ्ठा मते देत. त्यांचा संदेष्टा सांगेल ते ऐकत. शेजाऱ्यांना त्याची भीती वाटू लागली. मिसूरी राज्याच्या गव्हर्नराने १८३८ साली हुकूम काढला, की या लोकांना शत्रू समजून त्यांचा नायनाट करावा, नाहीतर राज्याबाहेर हाकलावे. हा हुकूम रद्द झाला १९७६ साली! मिसूरीतून ते इलिनॉय राज्यात गेले. तेथे १८४४ च्या जूनमध्ये जमावाने तुरुंगात घुसून जोसेफ स्मिथला आणि त्याच्या हायरम नावाच्या भावाला ठार केले.

मग ब्रिगॅम यंग हा पुढारी झाला. १८४६ च्या कडक हिवाळ्यात लोक उभी घरे टाकून निघाले आणि २४ जुलै १८४७ रोजी तो रॉकी पर्वतापलीकडच्या खाऱ्या सरोवराजवळ पोहोचला. तेथे पाऊस वर्षाकाठी पंधरासोळा इंच. आपल्याकडच्या माण-खटावची आठवण यावी अशी ती कोरडी जागा. आघाडीच्या तुकडीने आदल्याच दिवशी कामाला हात घातला होता. जमीन इतकी कठीण की नांगर चालेना. तेव्हा त्यांनी ओढा अडवला, पाणी जमिनीत सोडले, ती भिजवली आणि बटाटे लावले. डोंगरातून येणारे पाणी कोणा एकाच्या मालकीचे नाही, ते सर्वांनी मिळून पाट काढून पाळीपाळीने घ्यावयाचे, असे ठरले. धुळे-साक्रीकडची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. मात्र हेही सांगितले पाहिजे, की ती भूमी रिकामी नव्हती. यूट आणि शोशोनी हे तिथले मूळ रहिवासी. नव्या वस्तीपायी त्यांची शिकारीची राने आणि पाणवठे गेले. आज त्या राज्याला युटा म्हणतात ते याच यूट लोकांवरून.

युरोपातून आलेल्या गरीब मॉर्मनांना बैलगाडी परवडत नसे. १८५६ पासून असे शेकडो लोक दुचाकी हातगाडीवर सामान लादून, ती स्वतः ओढत हजाराहून अधिक मैल चालले. त्याच वर्षी उशिरा निघालेल्या दोन तांड्यांना वाटेत बर्फाने गाठले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. मॉर्मन घरांत या आजी-आजोबांच्या कथा आजही मुलांना सांगतात. दर २४ जुलैला युटात सुट्टी असते ती याच आगमनाची.

हा झाला इतिहास. आता त्यांच्या घरात डोकावू या.

मॉर्मन मानतो, की देव हा आपला खराखुरा पिता आहे, आणि जन्माला येण्यापूर्वीही आपण सर्व त्याच्याजवळ होतो. पृथ्वीवरचा जन्म म्हणजे शिकण्यासाठी घेतलेला मुक्काम. मृत्यूनंतर स्वर्गाच्या तीन पायऱ्या. कायमच्या नरकात जाणारे अगदी विरळा. पिता, येशू आणि पवित्र आत्मा हे तिघे वेगळे आहेत असे ते म्हणतात. इतर ख्रिस्ती पंथ त्यांना एकच देव मानतात. म्हणून अनेक ख्रिस्ती लोक मॉर्मनांना ख्रिस्ती म्हणायला तयार नसतात. मॉर्मन मात्र स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतो. संदेष्टे पूर्वी होऊन गेले आणि संपले असेही तो मानत नाही; पंथाचा आजचा अध्यक्ष हाही त्याच्या दृष्टीने संदेष्टाच.

आठवड्याचा क्रम पाहा. रविवारी दोन तासांची सभा. २०१९ पूर्वी ती तीन तासांची असे. तीत भाकरीचा तुकडा आणि घोटभर पाणी हा प्रसाद वाटतात, द्राक्षारस नाही. बारा वर्षांची मुले तबके घेऊन ओळीओळीतून फिरतात. गावच्या सभेत पगारी धर्मगुरू नसतो. भाषण करायला सभासदांतलीच माणसे उभी राहतात. आज गवंडी, उद्या परिचारिका, परवा शाळकरी मुलगी. या सभेच्या प्रमुखाला बिशप म्हणतात. तो दिवसभर आपली नोकरी किंवा शेती करतो आणि संध्याकाळी लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. साधारण पाच वर्षे हे काम फुकट करायचे आणि मग पुन्हा सर्वांत मागच्या बाकावर बसायचे! वरच्या पूर्णवेळ पुढाऱ्यांना मात्र निर्वाहापुरता भत्ता मिळतो.

सोमवारची संध्याकाळ घराची. आईबाप, मुले एकत्र बसून प्रार्थना करतात, गाणे म्हणतात, एखादा धडा वाचतात, खेळतात, काही गोड खातात. ही प्रथा १९१५ सालापासून सांगितली जाते.

खाण्यापिण्याचे नियम १८३३ सालचे. दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य, मांस बेताने, धान्य, फळे, भाज्या हे मुख्य अन्न. आपल्या वारकऱ्याने गळ्यात माळ घातली की त्याचे खाणेपिणे बदलते आणि गावाला ते कळते, तसेच काहीसे हे आहे. आपल्या घरी असा पाहुणा आला आणि त्याने चहा नको म्हटले, तर रुसू नये. दूध किंवा सरबत द्यावे, आनंदाने घेईल.

पैशाचा नियमही तसाच ठाम. मिळकतीचा दहावा भाग चर्चला. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडायचे आणि वाचलेला पैसा गरिबांसाठी द्यायचा. १९३० नंतरच्या मंदीत लाखो अमेरिकन बेकार झाले, तेव्हा १९३६ साली त्यांनी मदतीची मोठी योजना उभारली. तिची कोठारे आजही आहेत. आत गेले की फळीवर पीठ, दूध, डबाबंद भाजी, साबण मांडलेले; किंमत कशावरच नाही. गरजू माणसाने बिशपची चिठ्ठी आणायची, सामान न्यायचे, आणि अंगात ताकद असेल तर काही काम करून द्यायचे. घरातही काही महिन्यांचे धान्य साठवून ठेवावे अशी शिकवण आहे. कणगीत दाणे असले की आपली आजी निर्धास्त असे. तीच ही वृत्ती.

या दानाची दुसरी बाजूही ऐका. वर्षानुवर्षांच्या दशांशातून या चर्चची गुंतवणूक अफाट वाढली. तिचा तपशील नीट जाहीर केला नाही म्हणून २०२३ साली अमेरिकेच्या रोखेबाजार-नियामकाने चर्च आणि त्याची गुंतवणूक-संस्था यांना मिळून ५० लाख डॉलर दंड केला. तेव्हा खुद्द सभासदांपैकीही काहींनी प्रश्न विचारले. देणाऱ्याने हिशेब मागणे यात अश्रद्धा नाही, हे आपल्याकडच्या देवस्थानांनाही लागू आहे.

अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली प्रचारासाठी घर सोडतात. मुलगे दोन वर्षे, मुली दीड वर्ष. पांढरा सदरा, छातीवर काळी नावाची पट्टी, आणि नेहमी दोघांची जोडी. जायचे कुठे ते चर्च ठरवते; खर्च बहुधा घरचा किंवा स्वतः साठवलेला. पूर्वी वर्षातून दोनदाच घरी फोन करायची मुभा असे. २०१९ पासून आठवड्याला करता येतो. असेच प्रचारक आपल्या मुलखातही येऊन गेले आहेत. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मुंबईला उतरला आणि पुण्यालाही राहिला. त्याला फारसे अनुयायी मिळाले नाहीत, आणि काही वर्षांत ते काम बंद पडले.

आता आल्विनकडे परत येऊ. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न जोसेफ स्मिथला सतावत होता. १८४० साली त्याने शिकवले, की मृताच्या वतीने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेऊ शकतो. तो पत्करायचा की नाही हे परलोकातला तो आत्मा ठरवील. याच श्रद्धेतून मॉर्मनांची मंदिरे उभी राहिली. सॉल्ट लेक शहरातले दगडी मंदिर बांधायला १८५३ पासून १८९३ पर्यंत चाळीस वर्षे लागली. रविवारची सभा निराळी आणि मंदिर निराळे. मंदिरात पतिपत्नी, आईबाप आणि मुले यांना 'अनंतकाळासाठी' एकत्र बांधण्याचा विधी होतो. आपल्याकडे सात जन्मांची गाठ म्हणतात. त्यांच्याकडे जन्म एकच, पण गाठ कायमची.

मृतांसाठी विधी करायचा तर नावे हवीत. म्हणून १८९४ साली त्यांनी वंशावळींची संस्था काढली, आणि १९३८ पासून देशोदेशींच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची सूक्ष्म छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. डोंगर कोरून केलेल्या तळघरात ती जपून ठेवली आहेत. त्र्यंबकेश्वराला गेल्यावर आपले तीर्थोपाध्याय वही उघडून आजा-पणजाचे नाव वाचून दाखवतात ना? तशाच हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रे या संस्थेने १९७७ पासून घेतली. या कामाने जगभरच्या संशोधकांची सोय झाली. पण वादही झाला. नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावे घेऊन असे बाप्तिस्मे झाले, तेव्हा ज्यू समाज दुखावला: धर्मापायीच ज्यांचा जीव गेला, त्यांना मेल्यावर दुसऱ्याचा धर्म का लावता? १९९५ साली चर्चने हे थांबवण्याचा करार केला.

येथेच या धर्माचे मर्म आहे आणि दुखणेही आहे. मंदिरात जायला बिशपचा परवाना लागतो. दशांश दिला का, दारू-चहा वर्ज्य केला का, श्रद्धा आहे का, असे प्रश्न विचारून तो देतात. ज्याच्याकडे परवाना नाही त्याला प्रवेश नाही. मग तो नवरीचा बाप का असेना. लेकीचे लग्न आत लागते आणि बाप अंगणात उभा राहतो! आधी बाहेर सर्वांसमक्ष लग्न लावावे, तर अमेरिकेत मंदिरातल्या विधीसाठी एक वर्ष थांबावे लागे. २०१९ साली ही अट काढली आणि कितीतरी घरांनी सुटकेचा श्वास टाकला. तरीही घरातल्या एकाची श्रद्धा उडाली की बाकीच्यांना वाटते, परलोकात याची जागा रिकामी राहणार. घर बांधून ठेवणारी दोरी अशी कधी काचतेसुद्धा.

आणखी तीन गोष्टी लपवून चालणार नाहीत. पहिली बहुपत्नीत्वाची. १८५२ साली या चर्चने ती चाल उघडपणे मान्य असल्याचे सांगितले. सरकारशी दीर्घ झगडा झाला, मालमत्ता जप्त झाली आणि १८९० साली अध्यक्षांनी ती थांबवल्याचे जाहीर केले. १८९६ साली युटाला राज्याचा दर्जा मिळाला. आज दुसरी बायको करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकतात. जे काही छोटे गट ती चाल पाळतात ते या चर्चचे नव्हेत. दुसरी वर्णभेदाची. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना सव्वाशे वर्षे पौरोहित्याचा अधिकार नव्हता. तो १९७८ साली मिळाला. तिसरी स्त्रियांची. त्यांचे स्वतंत्र मंडळ १८४२ पासून आहे आणि १८७० सालीच युटाच्या स्त्रिया मतदान करू लागल्या होत्या; परंतु पौरोहित्य त्यांना आजही मिळालेले नाही.

चर्चच्या गणतीप्रमाणे आज जगात त्याचे एक कोटी सत्तर लाखांहून अधिक सभासद आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक अमेरिकेबाहेरचे.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा विषय वर्गात सांगताना दोन टोके टाळावी. 'बघा, कसे वेडे लोक' असे म्हणून हसू नये, आणि 'बघा, किती थोर लोक' म्हणून ओवाळूही नये. त्यांच्यातले श्रद्धाळू अंगात एक साधे पवित्र वस्त्र घालतात. त्याची टिंगल झाली की त्यांना फार लागते. आपल्या माळेची वा जानव्याची टिंगल झाली तर आपल्याला लागेल, तसेच ते.

वाटल्यास मुलांना एक काम द्या. प्रत्येकाने घरी जाऊन आपली वंशावळ लिहून आणावी; बापाकडची आणि आईकडचीही. बापाकडची चारपाच नावे झटकन मिळतील. आईच्या आईच्या आईचे नाव विचारले, की बहुतेक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून, ते नाव आठवते का पाहावे. आठवले तर त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावे.